जुने शोधनिबंध, स्कॅन प्रती आणि कॉपीराइट



मागच्या दोन व्याख्यानांत आपण मालकी या कल्पनेचा विचार केला. जमिनीची मालकी, श्रमाची मालकी, आणि विचाराला मालक असतो का, इथपर्यंत येऊन थांबलो होतो. आज त्याच वाटेवरचा एक छोटा, पण रोजच्या कामात आडवा येणारा प्रश्न घेऊ. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाईंनी तो विचारला होता. त्यांच्याकडे १९३० ते १९६० या काळातल्या गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. कागद पिवळा पडून कडांना तुटतो आहे, काही खंडांना कसर लागली आहे, आणि जागा हवी म्हणून ‘जुने खंड बाद करा’ असा वरून तगादा आहे. एका विद्यार्थ्याने सगळे स्कॅन करून देण्याची तयारी दाखवली. बाईंचा प्रश्न असा की हे स्कॅन केलेले पेपर आम्ही इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकले, तर चालेल का?

याला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले: ‘अहो, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे, कोण विचारतंय? टाका.’ दुसरे: ‘नको त्या भानगडीत पडायला. कपाटात ठेवा आणि कुलूप लावा.’ पहिले उत्तर देणारा कायदा वाचत नाही. दुसरे उत्तर देणाराही वाचत नाही, तो नुसता घाबरतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, वकिली केली नाही. पण ‘चालेल का?’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत, एवढे आम्हालाही दिसते. हक्क अजून जिवंत आहे का? असेल तर तो कोणाकडे आहे? आणि तुम्ही त्या प्रतीचे नेमके काय करणार आहात? हे तीन सुटे केले की बराचसा गोंधळ निवळतो. जो उरतो तो खरा असतो, त्याच्याकडे नंतर येऊ.

नावे घेऊन बोलू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ही संस्था १९०७ साली सुरू झाली, आणि तिचे ग्रंथालय बरीच वर्षे आपल्या पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होते. या संस्थेच्या जर्नलमध्ये १९११ साली श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध आला, बर्नुली संख्यांवरचा. त्याच जर्नलमध्ये १९४३ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा एक निबंध आला, ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’. इतिहासकार कोसंबी आपल्याला माहीत असतात. गणिती कोसंबी फारसे कोणी वाचत नाही, आणि त्याला वाचकांचा आळस हे एकच कारण नाही. एखादी वेडीवाकडी बदलत जाणारी राशी मोजक्या, सुट्या घटकांच्या बेरजेत कशी मांडायची, ही कल्पना त्या निबंधात आहे. पुढे त्याच दशकात कार्हुनेन आणि लोएव्ह या दोन गणितज्ञांनी ती स्वतंत्रपणे मांडली, आणि आज जगभर ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. चित्रांची माहिती आटोपशीर साठवण्यापासून हवामानाच्या आकड्यांतले आकृतिबंध शोधण्यापर्यंत तिचा उपयोग होतो. कोसंबींचे नाव मागे का पडले याला कारणे अनेक असतील. पण ऐन महायुद्धात भारतात छापलेले जर्नल परदेशी गणितज्ञाच्या टेबलावर कितीसे पोचणार? पेपर हाताशी नसेल तर तो लिहिला गेलाच नव्हता असे जग धरून चालते. स्कॅनचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

आता पहिला प्रश्न, हक्क जिवंत आहे का.

आपला कायदा १९५७ चा, अंमल १९५८ च्या जानेवारीपासून. लेखकाच्या नावाने, त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. रामानुजन १९२० साली गेले. त्यांचा निबंध कधीच मुक्त झाला आहे, तो निर्धास्त स्कॅन करा, छापा, वाटा. कोसंबी २९ जून १९६६ रोजी गेले. म्हणजे १९६७ च्या सुरुवातीपासून ६० वर्षे, ती संपतात ३१ डिसेंबर २०२६ ला. १ जानेवारी २०२७ पासून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन भारतात सर्वांचे. एकच जर्नल, एकच कपाट, वरच्या फळीवरचा पेपर मुक्त आणि खालच्या फळीवरच्या पेपरसाठी कॅलेंडर बघायचे.

इथे बहुतेकांची गल्लत होते. लोक छपाईचे वर्ष बघतात, कायदा लेखकाच्या मृत्यूचे वर्ष बघतो. समजा, त्याच १९४३ च्या अंकात पंचवीस वर्षांच्या एका होतकरू गणितज्ञाचाही पेपर आहे, आणि तो गृहस्थ पंच्याऐंशी वर्षे जगला. म्हणजे २००३ साली गेला. त्याच्या पेपरवरचा हक्क २०६३ अखेर टिकणार. पेपर छापल्यापासून १२० वर्षे! दीर्घायुष्य ही चांगली गोष्ट आहे, पण आपल्या पेपरच्या वाचकांना त्याची अशी किंमत मोजावी लागेल असे त्या बिचाऱ्याच्या मनातही आले नसेल.

ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता. तो विश्वभारतीकडे होता, आणि मुदत वाढावी अशी मागणी झाली. सरकारने वाढवली, सगळ्यांसाठीच, ६० वर्षांपर्यंत. कवितेसाठी घेतलेल्या निर्णयाच्या मागे पुलांच्या बांधकामावरचे, उसाच्या रोगांवरचे, धातूंच्या मिश्रणांवरचे हजारो पेपर ओढले गेले. जुना नियम राहिला असता तर कोसंबींचे गणित २०१७ सालीच मोकळे झाले असते. त्या चर्चेत तांत्रिक लेखनाचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. त्याची बाजू घ्यायला कोण जाणार होते?

एका पेपरचे दोन लेखक असतील तर? शेवटी जो गेला त्याच्यापासून मोजायचे. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचे नव्या प्रकारच्या प्रकाशविकिरणावरचे प्रसिद्ध टिपण लंडनच्या ‘नेचर’मध्ये ३१ मार्च १९२८ च्या अंकात आले. कृष्णन १९६१ साली गेले, रामन १९७० साली. म्हणून भारतात हिशेब रामन यांच्यापासून: २०३० अखेर. इंग्लंडमध्ये मुदत मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे २०४० अखेर. अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशनांना छपाईपासून जास्तीत जास्त ९५ वर्षे, म्हणजे तिथे हे टिपण १ जानेवारी २०२४ पासून मुक्त आहे. तेच टिपण, तेच शब्द, आणि तीन देशांत तीन उत्तरे. म्हणून ‘अमेरिकेतल्या एका संकेतस्थळावर उघड आहे, म्हणजे आपल्यालाही चालतं’ हा युक्तिवाद टिकत नाही. तिथला माणूस तिथल्या कायद्याने वागतो, आपण इथल्या.

सरकारी लेखनाचे गणित आणखी वेगळे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथे कॉपीराइट नसतोच. ‘नासा’ आणि तिच्या आधीची संस्था ‘नाका’ यांचे विमानविद्येवरचे जुने अहवाल म्हणूनच मोकळेपणाने मिळतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी ते वाचले आहेत. आपल्याकडे सरकारी प्रकाशनावरही हक्क असतो, पण तो प्रसिद्धीपासून ६० वर्षे. इथे लेखकाचा मृत्यू बघायचा नाही. गिल्बर्ट वॉकर हे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज शोधता शोधता त्यांना प्रशांत महासागरावरचा हवेच्या दाबाचा झोका सापडला, ज्याचे नाव आपण आता एल निनोबरोबर घेतो. त्यांचे त्यावरचे काही मूळ निबंध खात्याच्या ‘मेमॉयर्स’मध्ये १९२० च्या दशकात छापले गेले. ते मुक्त आहेत. जुन्या सरकारी अहवालांनी भरलेली कपाटे महाराष्ट्रात गावोगाव आहेत, पाटबंधाऱ्यांची, शेतकी खात्याची, भूगर्भाची. आमचे मत विचाराल तर स्कॅनिंगची सुरुवात तिथून करावी. त्यांचा हिशेब सोपा आहे, प्रकाशनाचे वर्ष मुखपृष्ठावरच असते, आणि ते कागद दुसरे कोणी वाचवणार नाही.

टोपणनावाने लिहिलेल्या लेखनालाही प्रसिद्धीपासून ६० वर्षे लागतात, पण त्या मुदतीत खरा लेखक उघड झाला तर पुन्हा मृत्यूपासूनचा हिशेब. हा नियम कादंबरीकारांपुरता आहे असे वाटेल, पण कोसंबींनीही १९६० च्या दशकात काही गणिती लेख एस. ड्युक्रे या नावाने छापले होते! असो.

दुसरा प्रश्न, हक्क कोणाकडे आहे. पेपरवर जर्नलचे नाव मोठ्या अक्षरांत असते, म्हणून आपण समजतो की मालक जर्नल. नेहमीच तसे नसते. मूळ मालक लेखक. नोकरीचे काम म्हणून लिहिले असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक नोकरी देणारा, म्हणजे कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या अहवालाची मालक कंपनी. लेखकाने आपला हक्क जर्नलला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. आजकाल पेपर स्वीकारताना हक्क-हस्तांतराचा छापील अर्ज सही करून घेतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कितीतरी छोट्या जर्नलांत असे काही नव्हते. लेखक हस्तलिखित पाठवायचा, संपादक छापायचा, आणि पंचवीस सुट्या प्रती टपालाने घरी यायच्या. लेखी कागद नसेल तर जर्नलला छापण्याची परवानगी मिळाली एवढेच म्हणता येते. मालकी लेखकाकडेच राहिली, आणि तो गेल्यावर वारसांकडे. म्हणून ‘आम्ही संपादकांना विचारलं, ते हो म्हणाले’ एवढ्याने काम भागेलच असे नाही. आणि वारसांना तर आजोबांच्या १९५१ च्या एका पेपरचे आपण मालक आहोत हे ठाऊकही नसते.

या संदर्भात एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचे धरायचे असे कायद्यात आहे, मग हक्क परत लेखकाकडे आलाच की. तरतूद खरी आहे, पण ती १९९४ च्या दुरुस्तीने आली, आणि त्याआधीच्या करारांना ती लागू नाही असे त्याच कलमात पुढे लिहिले आहे. अर्धे कलम वाचणे ही आपल्याकडची जुनी सवय.

आणि स्कॅन करणाऱ्याचे काय? कोणी हजारो पाने कष्टाने स्कॅन करते आणि प्रत्येक पानावर आपला शिक्का उमटवून ‘सर्व हक्क राखीव’ लिहिते. कष्टांबद्दल आदर आहे. पण नुसत्या कष्टाने कॉपीराइट निर्माण होत नाही. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की केवळ श्रम आणि पैसा पुरेसा नाही, त्यात थोडे तरी स्वतःचे कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे. तो खटला निकालपत्रांच्या संपादित प्रतींचा होता. पण पान जसेच्या तसे काचेवर ठेवून बटण दाबणे या कसोटीला उतरेल असे आम्हाला वाटत नाही. मुक्त पेपरची स्कॅन प्रत मुक्तच राहते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. पेपर मुक्त झाला म्हणजे ज्याच्याकडे प्रत आहे त्याने ती फुकट दिलीच पाहिजे असे नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ घ्या. दोनशे वर्षांपूर्वीचे पेपर, कॉपीराइट कधीच संपलेला, आणि तरी ‘जेस्टोर’ या संग्रहातून वाचायला बाहेरच्या माणसाला पैसे पडत. २०११ च्या जुलैमध्ये एका तरुणाने त्यातले १९२३ पूर्वीचे अठरा हजारांहून अधिक पेपर सगळ्या जगासमोर ठेवले. त्याच सप्टेंबरात जेस्टोरने अमेरिकेतले १९२३ पूर्वीचे आणि इतरत्रचे १८७० पूर्वीचे लेखन सर्वांना खुले केले. कॉपीराइट संपणे आणि कपाटाचे कुलूप उघडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ग्रंथपालांना हे सांगायला नको, किल्ली त्यांच्याच हातात असते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. हक्क जिवंत असताना आपण काय काय करू शकतो? लोक ‘स्कॅन करणे’ हे एकच कृत्य समजतात. खरे तर ती तीन कृत्ये आहेत: जपणे, एका वाचकाला देणे, आणि जगापुढे मांडणे.

जपण्याला कायद्याची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये हे स्पष्ट केले: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ छापील प्रत असेल, तर ती जपण्यासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. महाविद्यालयाचे ग्रंथालय ‘सार्वजनिक’ या शब्दात बसते का, यावर वाद घालता येईल. बाहेरच्या अभ्यासकाला तिथे बसून वाचू देत असाल तर बाजू भक्कम होते, असे आमचे मत. एक अट मात्र विसरू नका: ग्रंथालयाकडे छापील प्रत असली पाहिजे. म्हणून स्कॅन झाले की खंड रद्दीवाल्याला, हा हिशेब चुकीचा. इंटरनेटवर टाकायला मिळत नाही म्हणून स्कॅनच करायचे नाही, हा तर त्याहून चुकीचा. कसर कॉपीराइट संपायची वाट बघत बसत नाही.

एका वाचकाला देणे. खाजगी वापरासाठी, आणि त्यात संशोधन आले, रास्त वापर करायला कायदा मोकळीक देतो. नागपूरच्या एखाद्या संशोधिकेने कोसंबींचा एक पेपर मागितला आणि तुम्ही त्या एका पेपरची प्रत तिला पाठवली, तर ते या मोकळिकीत बसते असे आम्ही मानतो. ही प्रथा आजची नाही. आमच्या तरुणपणी विभागात छापील पोस्टकार्डांचा गठ्ठाच असायचा: ‘आपल्या अमुक निबंधाची प्रत कृपया पाठवावी.’ रिकाम्या जागा भरायच्या आणि टपालात टाकायचे. महिन्या-दोन महिन्यांनी पोलंडहून, जपानहून पाकीट यायचे. ज्ञानाचा व्यवहार असाच चालत आला आहे. पण एका पेपरची एक प्रत वेगळी, आणि सगळा खंड व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे वेगळे. तिथे ‘रास्त’ हा शब्द ताणता ताणता तुटतो.

शिकवण्यासाठीची सवलत याहून उदार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी झेरॉक्स दुकानाचा खटला आपल्याला आठवत असेल. तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला की अभ्यासक्रमातल्या प्रकरणांचे झेरॉक्स संच विकले जातात. २०१६ च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, अशा आशयाचे न्यायमूर्तींनी लिहिले. हे वाक्य कायद्याचे जितके आहे तितकेच तत्त्वज्ञानाचे आहे! डिसेंबरात खंडपीठाने शिकवण्यासाठीच्या सवलतीचे तत्त्व कायम ठेवून काही मुद्दे पुन्हा सुनावणीला पाठवले, आणि २०१७ साली प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. म्हणजे वर्गासाठी जुन्या पेपरच्या प्रती काढायला शिक्षकाने कचरू नये. पण हा निकाल वर्गापुरता आहे, त्याच्या आधारे सगळ्या जगाला वाटता येणार नाही.

आणखी एक मोकळी वाट आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो. कोसंबींचे प्रमेय कोणाच्या मालकीचे नाही. ते समजून घेऊन, स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहा आणि कुठेही प्रसिद्ध करा, फक्त श्रेय द्या. हुबेहूब भाषांतर केले तर परवानगी लागते, विवेचनाला लागत नाही.

जगापुढे मांडणे हे कृत्य मात्र मालकाच्या परवानगीशिवाय नाही. कलम ६३ फौजदारी आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. व्यापारी फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. जुन्या गणिताच्या पेपरसाठी कोणी तुरुंगात जाईल असे वाटत नाही. पण स्कॅन करणारा तो विद्यार्थी वीस वर्षांचा आहे, आणि ‘काही होत नाही’ हे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. परवानगी मागा. पुष्कळ संस्था आनंदाने देतात, काहींनी न मागता दिली आहे. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने आपली जुनी ‘प्रोसिडिंग्ज’ स्वतःच सर्वांना खुली केली आहेत. आधी तिथे शोधा, कदाचित तुमचा निम्मा खंड स्कॅन करायची गरजच पडणार नाही.

आता तो उरलेला, खरा गोंधळ. पेपर १९५५ चा. लेखक एका गिरणीच्या रसायनशाळेत काम करणारा. गिरणी बंद, जर्नल बंद, लेखक केव्हा गेला माहीत नाही, वारस सापडत नाहीत. अशा लेखनाला इंग्रजीत अनाथ म्हणतात, मराठीत बेवारस म्हणू. कायद्यात त्यासाठी कलम ३१ अ आहे. मालक सापडत नसेल तर आधी देशात बऱ्याच भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग रीतसर अर्ज करायचा, ठरेल ती रक्कम भरायची, आणि परवाना घ्यायचा. कादंबरी किंवा चित्रपटाच्या व्यवसायाला हे ठीक आहे. आठ पानांच्या एका पेपरसाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात! आणि बाईंच्या कपाटात असे पेपर शेकड्यांनी असणार. तरतूद आहे पण ती परवडत नाही, म्हणजे या पेपरांपुरती ती नसल्यासारखीच. युरोपीय संघाने २०१२ साली ग्रंथालयांसाठी वेगळी वाट काढली: नेटाने शोध घ्यायचा, शोधाची नोंद ठेवायची, आणि मग लेखन खुले करायचे. मालक पुढे आला तर त्याचा हक्क शाबूत. आपल्याकडे तशी तरतूद झाली पाहिजे, आणि ती मागणी ग्रंथपालांनी आणि वैज्ञानिक संस्थांनी केली पाहिजे.

ही मागणी करताना ‘ज्ञान सर्वांचे आहे’ अशी घोषणा पुरत नाही, कारण समोरचा ‘श्रम त्याचे’ म्हणेल आणि दोघेही खरे ठरतील. इथे इमॅन्युएल कांटची मदत होते. १७८५ साली त्याने चोरून पुस्तके छापण्याविरुद्ध एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे: पुस्तक ही एक वस्तू आहे, तशी ती एक बोलण्याची कृतीही आहे. लेखक लोकांशी बोलतो आणि प्रकाशक त्याचा निरोप पोचवतो. चोरून छापणारा लेखकाच्या नावाने, लेखकाने न सांगता बोलतो, म्हणून तो चुकतो. इथवर कांट प्रकाशकांच्या बाजूचा वाटतो. पण पुढे तो लोकांनाही हक्क देतो. लेखकाने हस्तलिखित प्रकाशकाला दिले आणि लेखक गेला, वारस नाहीत, तर प्रकाशकाने ते दाबून ठेवायचे नाही. एक तर त्याने छापावे, नाही तर छापणाऱ्या दुसऱ्याला द्यावे, आणि तसे करायला लोक त्याला भाग पाडू शकतात. बोलणे कोणासाठी होते? लोकांसाठी. मग निरोप्याने तो खिशात ठेवून कसे चालेल?

गिरणीतल्या त्या रसायनज्ञाला पेपरचे पैसे मिळाले नव्हते, मिळणारही नव्हते. पगार गिरणी देत होती, पेपर त्याने आपल्यासारख्या दुसऱ्या रसायनज्ञाने वाचावा म्हणून लिहिला. कॉपीराइटचे नेहमीचे समर्थन, की यामुळे लिहायला उत्तेजन मिळते, इथे लागू करून बघा. गेलेल्या माणसाला उत्तेजन कसे देणार? या लेखनापुरता हक्क राखून कोणाचे हित साधते हे आम्हाला सांगता येत नाही. कोणाचे नुकसान होते हे सांगता येते. ज्या विद्यार्थ्याला सुताच्या रंगाचा तोच प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, त्याचे.

बाईंसाठी कामाचा क्रम एवढाच. सगळे खंड स्कॅन करा आणि छापील प्रती बाद होऊ देऊ नका. जुने सरकारी अहवाल आणि १९६५ च्या आत गेलेल्या लेखकांचे पेपर आज खुले करता येतील. कोसंबींचे २०२७ च्या पहिल्या दिवशी. बाकीच्यांची यादी, फक्त यादी, इंटरनेटवर टाका: लेखक, शीर्षक, खंड, पाने. यादीवर कोणाचा आक्षेप नसतो, आणि ती वाचून नातवंडे सापडतात. प्रत्येक स्कॅनला पुढे एक पान जोडा. त्यावर जर्नलचे पूर्ण नाव, वर्ष, मूळ प्रत कुठे आहे, लेखकाच्या मृत्यूचे वर्ष कुठून मिळाले, आणि मालक भेटल्यास संपर्क कुठे करावा हे लिहा. पाने गाळू नका, आकृत्या कापू नका, लेखकाचे नाव पुसू नका. नाव राहणे आणि लेखन विद्रूप न होणे हे लेखकाचे वेगळेच हक्क आहेत, आणि पेपर मुक्त झाला तरी ते आपण पाळावेत.

विद्यापीठात जमा केलेल्या जुन्या प्रबंधांबद्दलही दोघा-तिघांनी विचारले आहे. ते छापलेले नसल्यामुळे त्यांचा हिशेब निराळा आहे, तो पुढच्या वेळी घेऊ. आता आजच्या विषयावर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.